चलच्चित्रांतील कंप आणि मंदप्रकाश : स्वयंचलित दुरुस्तीची रीत व तिची मर्यादा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. पनवेलजवळील कळंबोलीहून ह्या मार्गाने पुण्याकडे निघालेल्या मोटारीस थोड्याच अंतरावर भाताणचा बोगदा लागतो. मोटारीत काचेमागे बसविलेला कॅमेरा ह्या ठिकाणी जे चलच्चित्र टिपतो, त्यात दोन दोष एकाच वेळी आढळतात. भर उन्हातून बोगद्यात शिरताना काही क्षण चित्र काळवंडते, तर बाहेर पडताना ते पांढरेफटक होते. शिवाय रस्त्याच्या सांध्यांमुळे व इंजिनाच्या कंपामुळे संपूर्ण दृश्य थरथरत असते. हे दोष गणकयंत्राच्या साहाय्याने आपोआप दूर करता येतात. मात्र ही दुरुस्ती कोणत्या गृहीतांवर आधारलेली आहे हे ध्यानात घेतल्याशिवाय तिच्यावर विसंबणे इष्ट नव्हे.

प्रथम कंपाचा विचार करू. चलच्चित्र म्हणजे एकामागून एक घेतलेल्या स्थिर चौकटींची मालिका होय. लागोपाठच्या दोन चौकटींत कॅमेरा किती हलला हे ठरविण्यासाठी कोपऱ्यांसारखे ठळक बिंदू निवडून त्यांचे स्थलांतर मोजतात. लूकास व कानादे ह्यांनी 1981 साली मांडलेली रीत येथे उपयोगी पडते. एका बिंदूची तेजस्विता दोन्ही चौकटींत सारखीच राहते आणि त्याचे स्थलांतर अल्प असते, ही तिची गृहीते होत. परंतु शेजारून जाणाऱ्या ट्रकवरील बिंदू स्वतःच्या गतीने हलतात. असे बिंदू वगळण्यासाठी फिशलर व बोल्स ह्यांची, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली, यादृच्छिक नमुन्यांची रीत वापरतात. तीत थोडे थोडे बिंदू घेऊन गतीचा अंदाज बांधला जातो आणि ज्या अंदाजाशी सर्वाधिक बिंदू जुळतात तो स्वीकारला जातो.

चौकटीगणिक मिळालेल्या ह्या गतींची बेरीज केली म्हणजे कॅमेऱ्याचा मार्ग हाती येतो. त्यातील सावकाश बदल रस्त्याच्या वळणाचे व जलद बदल कंपाचे, असे मानून मार्ग गुळगुळीत केला जातो. ग्रुंडमान, क्वात्रा व एसा ह्यांनी 2011 साली ह्यासाठी निराळी योजना सुचविली. तीत नवा मार्ग स्थिरता, एकसमान वेग व एकसमान प्रवेग अशा तुकड्यांचा बनविला जातो. तिपाई व रुळांवरील गाडी वापरणाऱ्या कुशल छायालेखकाच्या चित्रणासारखा त्याचा परिणाम दिसतो. शेवटी प्रत्येक चौकट नव्या मार्गानुसार सरकविली जाते. त्यामुळे कडा रिकाम्या पडतात व त्या कापाव्या लागतात. चारही बाजूंनी दहा-दहा टक्के भाग कापल्यास मूळ क्षेत्रफळापैकी केवळ 64 टक्के शिल्लक राहते.

प्रकाशाची दुरुस्ती वेगळ्या तत्त्वावर चालते. लँड व मॅक्कॅन ह्यांनी 1971 साली विकसित केलेल्या रेटिनेक्स सिद्धांतानुसार दिसणारी तेजस्विता हा प्रदीपन व वस्तूची परावर्तकता ह्यांचा गुणाकार समजला जातो. प्रदीपन चित्रभर सावकाश बदलते असे मानून त्याचा अंदाज काढतात व त्याने मूळ तेजस्वितेस भागतात. मात्र प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे उजळल्यास चित्र लुकलुकू लागते. यास्तव दुरुस्तीचे प्रमाणही, कॅमेऱ्याच्या मार्गाप्रमाणेच, कालानुसार गुळगुळीत करावे लागते.

हे दोन प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. बोगद्याच्या तोंडाशी सर्वच बिंदूंची तेजस्विता एकाएकी बदलते. तेजस्विता कायम राहण्याचे गृहीत तेथे कोसळते आणि प्रकाशातील बदलालाच गती समजण्याची चूक होते. म्हणून आधी चौकटींची तेजस्विता ढोबळपणे सारखी करणे अवश्य ठरते. उलटपक्षी, अंधूक चित्रातील दाणेदारपणा घटविण्यासाठी अनेक चौकटींची सरासरी काढावयाची तर त्या आधी अचूक जुळवाव्या लागतात. एकमेकांवर अवलंबून नसलेला दाणेदारपणा 16 चौकटींच्या सरासरीने एक चतुर्थांशावर येतो. अर्थात ढोबळ प्रकाशसमीकरण, मग गतिमापन आणि अखेरीस सूक्ष्म प्रकाशदुरुस्ती हा क्रम सोयीचा ठरतो.

तथापि काही हानी भरून निघत नाही. प्रकाश कमी असता कॅमेरा प्रत्येक चौकट अधिक वेळ उघडी ठेवतो. ताशी 90 किलोमीटर वेगाची मोटार सेकंदास 25 मीटर जाते. चौकट 1/25 सेकंद उघडी राहिल्यास तेवढ्यात ती एक मीटर पुढे सरकते. त्यामुळे आलेला फरकाटलेपणा चौकटी सरकवून जात नाही, उलट स्थिर केलेल्या चित्रात तो अधिकच नजरेत भरतो. तसेच 0 ते 255 ह्या मापात जेथे तेजस्विता 255 वर पोचून थांबली, तेथील तपशील नोंदलाच गेलेला नसतो. आधुनिक, उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रणाली अशा जागी संभाव्य तपशील भरतात. तो तपशील खरा वाटतो, पण तो नोंद नसून अनुमान असतो.

घरगुती चित्रणात ह्याने बिघडत नाही. परंतु अपघाताच्या तपासात वाहनाच्या पाटीवरील एक आकडा निर्णायक ठरू शकतो. 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते व त्याच्या नमुन्यात अभिलेखाचे हॅशमूल्य नमूद करावयाचे असते. एका पिक्सेलचा बदलही हे मूल्य पालटतो. त्यामुळे दुरुस्त केलेली प्रत हा मूळ अभिलेख ठरत नाही. म्हणून मूळ चित्रण अस्पर्श ठेवावे, दुरुस्त प्रत केवळ पाहण्याच्या सोयीसाठी वापरावी आणि तिच्यावर कोणत्या क्रिया कोणत्या क्रमाने केल्या ह्याची टिपणी जोडावी. नोंदलेले काय व अनुमानलेले काय हे मग पुढील तपासणाऱ्यास वेगळे करता येईल.