मसाल्यांचा पुरवठा : वाढ, वाटा आणि शुद्धता

मसाल्यांचा देश म्हणून भारताची ख्याती फार प्राचीन आहे. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्यास लागला, तो मलबारच्या मिरीच्या ओढीनेच. त्यामुळे मसाले म्हटले की, निर्यातीचा विचार प्रथम मनात येतो. वस्तुस्थिती मात्र काहीशी निराळी आहे. २०२०-२१ या वर्षी देशात मसाल्यांचे १०६.७९ लाख टन उत्पादन झाले आणि त्यांपैकी सुमारे १६ लाख टन माल परदेशी गेला. म्हणजेच शेकडा ८५ माल देशातच राहिला. भारतीय मसाल्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक भारतीय कुटुंबच आहे. या कुटुंबाच्या ताटापर्यंत मसाला किती पोहोचतो आणि कोणत्या स्थितीत पोहोचतो, हा प्रश्न म्हणूनच निर्यातीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

पुरवठा कसा मोजला जातो?

एखाद्या देशातील अन्नपदार्थाचा पुरवठा ठरविण्याची रीत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने रूढ केली आहे. उत्पादनात आयात मिळवावयाची, निर्यात वजा करावयाची आणि साठ्यातील चढउतार लक्षात घ्यावयाचा. त्यानंतर बियाणे, नासाडी व इतर उपयोगांसाठी लागणारा माल वगळावयाचा आणि उरलेल्या मालास लोकसंख्येने भागावयाचे.

यांतील केवळ निर्यात वजा करून ढोबळ हिशेब मांडला, तरी चित्र पुरेसे बोलके आहे. २०१४-१५ मध्ये उत्पादन ६७.६४ लाख टन आणि निर्यात ८.९४ लाख टन होती. त्या वर्षी दरडोई सुमारे साडेचार किलो मसाले देशात उरले. २०२०-२१ मध्ये हाच आकडा सुमारे साडेसहा किलोवर गेला. निर्यात पाऊणपटीहून अधिक वाढूनही घरचा वाटा घटला नाही, ही निश्चितच समाधानाची बाब होय.

सरासरीच्या आड काय आहे?

तथापि, या सरासरीकडे डोळसपणे पाहणे आवश्यक आहे. या सहा वर्षांत लसणाचे उत्पादन दरसाल सरासरी शेकडा १४.७ या वेगाने आणि जिऱ्याचे शेकडा १४.८ या वेगाने वाढले. म्हणजे दोन्ही पिके दुपटीहून पुढे गेली. मिरचीच्या वाढीचा वेग शेकडा ४.२ होता, तर हळदीचा केवळ १.३. आपली लोकसंख्या दरसाल साधारण एक टक्क्याने वाढते, हे ध्यानात घेतल्यास हळदीचे उत्पादन तिच्यापेक्षा जेमतेम पुढे राहिले, असे म्हणावे लागते. शिवाय लसूण व आले यांचे वजन ओले असते, तर हळद व मिरची यांचे वजन वाळविल्यानंतरचे असते. अन्न व कृषी संघटना तर लसणाची गणना भाज्यांमध्ये करते. साडेसहा किलो मसाल्यांत लसणाचा भाग मोठा आहे, हे विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट क्षेत्राची. याच काळात मसाला पिकांखालील क्षेत्र ३२.२४ लाख हेक्टरांवरून ४५.२८ लाख हेक्टरांवर गेले. उत्पादनातील वाढ शेकडा ५८, क्षेत्रातील वाढ शेकडा ४०. दर हेक्टरी उत्पन्न मात्र शेकडा १२ च्या आसपासच वाढले. याचा अर्थ असा की, पुरवठ्यातील वाढ मुख्यतः अधिक जमीन या पिकांखाली आल्यामुळे झाली. भाव पडताच हीच जमीन दुसऱ्या पिकाकडे वळू शकते.

जिऱ्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात गुजरातमधील उंझा बाजारात जिऱ्याचा भाव क्विंटलमागे ५० हजार रुपयांच्या वर गेला. त्या आशेने पुढील रब्बी हंगामात गुजरातमधील पेरणी जवळजवळ दुप्पट झाली आणि २०२४ च्या प्रारंभी भाव निम्म्याहून खाली आले. एका वर्षी गृहिणीची ओढाताण आणि दुसऱ्या वर्षी शेतकऱ्याची, असे हे चक्र आहे. सुधारित वाण, योग्य साठवण आणि बाजारभावाची वेळेवर माहिती यांनीच ते सौम्य होऊ शकेल.

हळद : एक नमुना

हळदीच्या बाबतीत महाराष्ट्राचा संबंध निकटचा आहे. २०२२-२३ मध्ये देशात ३.२४ लाख हेक्टरांवर ११.६१ लाख टन हळद पिकली आणि उत्पादक राज्यांत महाराष्ट्र अग्रभागी होता. सांगलीची बाजारपेठ जुनी. अलीकडे हिंगोली, नांदेड व परभणी या जिल्ह्यांतही हे पीक चांगलेच रुजले आहे. त्या वर्षी सुमारे दीड लाख टन हळद निर्यात झाली. उरलेली दरडोई विभागल्यास वर्षाला सुमारे ७०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला जेमतेम दोन ग्रॅम येते. यातूनच कुंकू, औषधे व अर्क यांचीही गरज भागवावयाची असते.

हे दोन ग्रॅम शुद्ध असणे फार अगत्याचे आहे. बांगलादेशाचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. १९८० च्या दशकातील महापुरात भिजून तेथील हळकुंडे काळवंडली. त्यांना झळाळी आणण्यासाठी लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी रंग वापरला जाऊ लागला आणि पूर ओसरल्यानंतरही ही प्रथा राहिली. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस कायमची इजा पोहोचविते. २०१९ मध्ये संशोधकांनी हा प्रकार उघडकीस आणल्यावर तेथील शासनाने बाजारात तपासण्या केल्या, दंड केले आणि व्यापक प्रचार केला. दूषित नमुन्यांचे प्रमाण शेकडा ४७ वरून २०२१ पर्यंत शून्यावर आले. भेसळीचे मूळ नीट न वाळलेल्या मालात होते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

मिरचीचीही हीच कथा आहे. नंदुरबारच्या पथारीवर वाळत असलेल्या मिरचीवर अवकाळी पाऊस पडला, तर तिला बुरशी लागते. या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होते आणि ते शिजविल्यानेही पुरते नाहीसे होत नाही. वाळलेल्या मिरचीतील ओलावा शेकडा ११ च्या आत असावा, असे अन्नसुरक्षेचे मानक आहे. जमिनीऐवजी पक्क्या ओट्यावर किंवा स्वच्छ ताडपत्रीवर वाळवण घालणे आणि पावसाची चाहूल लागताच ते झाकण्याची सोय असणे, एवढ्याने पुष्कळ नुकसान टळते. सामाईक ओटा व कोरडे गोदाम यांचा विचार ग्रामपंचायतींनी आपल्या विकास आराखड्यात अवश्य करावा.

शिक्षकांनाही येथे मोठा वाव आहे. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद सोडून तिला खाली बसू द्यावे. शुद्ध हळदीचे पाणी फिकट पिवळे राहते, तर रंग मिसळलेल्या हळदीचे गडद होते. हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. शिशाची खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते, हेही मुलांस सांगावे. शाळेच्या पोषण आहारासाठी मसाला घेताना सुटी पूड टाळून परवाना क्रमांक छापलेले पाकीट किंवा अखंड हळकुंडे व मिरच्या घेऊन त्या दळून आणणे श्रेयस्कर.

मसाल्यांची विपुलता देशाने साधली आहे. आता ती विपुलता स्थिर आणि शुद्ध व्हावयास हवी. या कामाचा प्रारंभ गावातील खळ्यावर आणि वाळवणाच्या ओट्यावरच होणार आहे.