विश्लेषण : ट्रकमध्ये जुना ‘टेप’ बसवताय? पिवळी वायर कुठे जाते, ते आधी पाहा!

रसायनी-पाताळगंगा औद्योगिक पट्ट्यात कंपन्यांच्या फाटकाबाहेर ट्रक आणि टँकर रांगेत उभे असणे ही रोजचीच गोष्ट. गाडी भरायचा नंबर येईपर्यंत कधी दोन तास जातात, कधी अख्खी रात्र. एवढा वेळ चालक केबिनमध्येच बसून असतो आणि सोबतीला असतो तो टेप. कॅसेटी जाऊन कितीतरी वर्षे झाली, तरी ट्रकवाल्यांच्या बोलण्यात रेडिओ असो की यूएसबीचा संच, त्याला टेपच म्हणतात.

गाडीसोबत आलेला हा टेप बंद पडला की बहुतेक जण नव्याच्या भानगडीत पडत नाहीत. कुर्ल्याला, कळंबोलीला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात दुसऱ्या गाडीतून काढलेला संच मिळतो. तो तासाभरात बसतो आणि बऱ्याचदा नीट वाजतोही. त्यात गैर काही नाही. पण रसायनीतून जे भरून जाते, ते पाहता हा टेप कसा जोडला आहे हा प्रश्न गाण्यांपुरता राहत नाही.

आधीचा खरेच बिघडला आहे का?

संच काढण्याआधी पाच मिनिटे त्याच्या मागच्या बाजूला द्यावीत. संचाच्या पाठीवर एक छोटा फ्यूज असतो, दुसरा गाडीच्या फ्यूजबॉक्समध्ये. खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीत मागचे सॉकेट ढिले होते, त्यात धूळ आणि ओल बसते. दांड फाट्याकडून येणाऱ्या रस्त्याचा पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. स्टेशन लागत नसेल, पण पेनड्राइव्हवरची गाणी वाजत असतील, तर दोष बहुधा अँटेनाच्या तारेत असतो. संच बदलून तो जाणार नाही.

हे सगळे पाहूनही संच मेलेलाच असेल, तर त्याच मॉडेलच्या गाडीतून काढलेला संच सर्वांत सोयीचा. मापही जुळते, प्लगही जुळतो. वेगळा घ्यायचा तर उंची पाहावी. एका खणाचा संच साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असतो, दोन खणांचा १०० मिलिमीटर उंच. दुकानदार त्यांना ‘सिंगल डिन’ आणि ‘डबल डिन’ म्हणतात. जर्मन मानकावरून आलेले हे नाव आता गॅरेजच्या बोलीत पुरते रुळले आहे.

१२ व्होल्ट की २४?

पिकअप, छोटा हत्ती, ४०७ यांसारख्या लहान गाड्यांत १२ व्होल्टचा पुरवठा असतो. मोठ्या ट्रकमध्ये आणि टँकरमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात आणि इंजिन चालू असताना हा आकडा २८च्या आसपास जातो. कारमधून काढलेला संच १२ व्होल्टचा असतो. तो सरळ मोठ्या गाडीत जोडला, तर पहिल्याच किल्लीला जळू शकतो.

गाडीत दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ व्होल्टच, असे मात्र गृहीत धरू नये. काही १२ व्होल्टच्या गाड्यांतही ताकद वाढवण्यासाठी दोन बॅटऱ्या शेजारी-शेजारी जोडतात. टेपच्या सॉकेटवर मीटर लावून पाहणे हाच खरा पुरावा. नव्याने येणाऱ्या संचाच्या मागच्या पट्टीवर व्होल्टेज छापलेले असते. ती पट्टी खरवडलेली असेल, तर तो संच तिथेच ठेवावा.

यावर नाक्यानाक्यावर वापरला जाणारा एक उपाय आहे आणि तो चुकीचा आहे. दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडातून वायर काढायची आणि एकाच बॅटरीवर टेप चालवायचा. टेप वाजतो, म्हणून काम झाले असे वाटते. पण खालची बॅटरी एकटीच रिकामी होत राहते. अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून चार्ज करतो, कुणाची किती उतरली आहे हे त्याला कळत नाही. मग खालची कायम अर्धपोटी राहते, वरच्या बॅटरीला गरजेपेक्षा जास्त चार्ज मिळून तिचे पाणी उडते. काही महिन्यांत दोन्ही बॅटऱ्या जातात आणि स्वस्तातला टेप महागात पडतो.

योग्य मार्ग म्हणजे २४चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर. तो घेताना टेपच्या मागचा फ्यूज पाहावा. फ्यूज १० अँपिअरचा असेल, तर कन्व्हर्टरही सलग किमान १० अँपिअर देणारा हवा. (पुढच्या बाजूला ‘२०० वॅट’ छापलेले असले, तरी १० अँपिअरचा फ्यूज १४० वॅटच्या वर फारसे जाऊ देत नाही, हे जाता जाता.) साध्या रिड्यूसरमध्ये उरलेले व्होल्टेज उष्णता होऊन बाहेर पडते. २८ व्होल्टवरून १४ करताना ५ अँपिअर वाहिले, तर ७० वॅटची उष्णता केबिनमध्ये निघते. म्हणून तो सीटखाली चिंध्यांच्या गाठोड्याजवळ बसवू नये. स्विचिंग पद्धतीचा कन्व्हर्टर थंड राहतो, पण हलक्या दर्जाचा असेल तर रेडिओत भुणभुण आणतो.

पिवळ्या वायरीचा एवढा बाऊ कशासाठी?

बाजारातल्या बहुतेक संचांना तीन मुख्य वायरी असतात. काळी अर्थची. लाल किल्लीवरची, म्हणजे किल्ली फिरवली की जिला पुरवठा मिळतो. पिवळी मात्र बॅटरीवर कायम जोडलेली लागते, कारण घड्याळ आणि साठवलेली स्टेशने तिच्यावर टिकून असतात. घरच्या कारमध्ये यात अडचण नाही. टँकरमध्ये आहे.

ज्वलनशील माल वाहणाऱ्या टँकरला बॅटरीजवळ एक मोठा स्विच असतो, त्याला सगळे कटऑफ म्हणतात. गाडी भरायला किंवा रिकामी करायला उभी केली की इंजिन बंद, कटऑफ बंद, अर्थिंगची क्लिप लावायची, मग नळी जोडायची. हेतू एकच. वाफ पसरलेली असताना गाडीत कुठेही जिवंत वायर नको, म्हणजे ठिणगीची शक्यताच उरत नाही. म्हणून तर धोकादायक माल नेणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरला ठिणगीरोधक जाळी बसवणे केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२९-अ या नियमाने बंधनकारक आहे.

आता टेपकडे येऊ. कटऑफ बंद केला की पिवळ्या वायरीचाही पुरवठा जातो. टेप सगळे विसरतो. दिवसातून दोनदा माल भरला, तर दोनदा स्टेशने पुन्हा शोधा, घड्याळ पुन्हा लावा. चालक वैतागतो, वायरमनला सांगतो आणि वायरमन पिवळी वायर कटऑफच्या अलीकडे, थेट बॅटरीच्या टोकाला नेऊन बांधतो. टेपला आता सगळे लक्षात राहते.

पण त्या क्षणापासून कटऑफ हा अर्धाच कटऑफ उरतो. स्विच बंद आहे असे समजून लोक काम करत असतात आणि बॅटरीपासून केबिनपर्यंत एक वायर जिवंतच असते. तिला बॅटरीजवळ फ्यूजही नसतो, कारण घाईत तो बसवलेला नसतो. पत्र्याच्या धारेवर घासून तिचे आवरण गेले, की ती चॅसीला लागून लाल होते. तेवढ्यासाठी वाफही लागत नाही. रसायनीच नव्हे, कुठल्याही ट्रकमध्ये वायरिंगला आग लागण्याची ही नेहमीची रीत आहे.

चूक वायरमनच्या अज्ञानातून होते असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. संचच असा निवडलेला असतो, की तो कायम पुरवठा मागतो. म्हणून टँकरसाठी जुना संच घेताना पहिला निकष आवाज किंवा ब्लूटूथ नव्हे, तर वीज तोडल्यावर संच काय लक्षात ठेवतो हा असावा. आताच्या बऱ्याच साध्या संचांत स्टेशने अशा चिपमध्ये साठतात, जिला पुरवठा लागत नाही. घड्याळ तेवढे जाते. अशा संचात पिवळी आणि लाल एकत्र करून किल्लीवरच्या वायरीला जोडता येतात. कायम जिवंत वायरीची गरजच संपते.

दुकानातच हे तपासता येते. तीन स्टेशने साठवा, सगळ्या वायरी काढा, चहा पिऊन या, पुन्हा जोडा. स्टेशने जागेवर असतील तर संच घ्यायला हरकत नाही.

पेट्रोलियम नेणाऱ्या टँकरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. या गाड्यांना नागपूरस्थित पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची, म्हणजे ‘पेसो’ची मान्यता लागते. तिथे विजेच्या जोडणीत केलेला फेरफार हा मालक आणि चालक यांच्यातला खासगी मामला नसतो. आधी मालकाला कळवावे आणि काम लेखी नोंदवून घ्यावे.

‘कोड’ मागणारा संच का टाळावा?

कारखान्यातून गाडीसोबत येणाऱ्या अनेक संचांना चोरीविरोधी कोड असतो. पुरवठा एकदा तुटला की पडद्यावर कोड मागितला जातो. चार आकडे बरोबर दिले नाहीत, तर संच गप्प राहतो. काही वेळा चुकले, तर बराच वेळ कुलूपबंद होतो. हा कोड संचाच्या क्रमांकाशी जोडलेला असतो आणि मूळ मालकाच्या कागदपत्रांत किंवा अधिकृत विक्रेत्याकडे मिळतो. जुन्या बाजारातल्या विक्रेत्याकडे तो क्वचितच असतो. ‘लावा, आपोआप सुरू होईल,’ असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

कोड हाती असला, तरी ज्या गाडीचा कटऑफ रोज बंद होतो, तिथे रोज कोड टाकत बसावे लागेल. मग पुन्हा तोच मोह, पिवळी वायर थेट बॅटरीला. नव्या गाड्यांत तर संच गाडीच्या संगणकाशी बोलत असतो. दुसऱ्या गाडीचा संच ओळख पटली नाही म्हणून चालूच होत नाही, असेही घडते.

स्टेशने लागतील ना?

भारतातला संच असेल तर चिंता नाही. परदेशी बाजारासाठी बनवलेला हाती लागला, तर मात्र तपासावे. जपानी संचाचा एफएम पट्टा ७६पासून सुरू होऊन जुन्या मॉडेलांत ९०ला संपतो. आपल्याकडची बहुतेक केंद्रे त्याच्या वर आहेत. अमेरिकी संच एफएमवर ९८.१, ९८.३ अशा विषम दशांशांवरच थांबतो. १००.१ आणि १०७.१ लागतील, मुंबईचे १०४.८ लागणार नाही. मीडियम वेव्हवर तो दहा-दहा किलोहर्ट्झने सरकतो, तर आपली केंद्रे नऊच्या पटीत आहेत. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८वर आणि पुणे केंद्र ७९२वर. दोन्ही आकडे त्याच्या पायरीत बसत नाहीत. काही संचांत देश बदलण्याची सोय असते, ती दुकानातच करून पाहावी.

मीडियम वेव्ह कोण ऐकतो, असे वाटेल. पण एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, मधे डोंगर आला की अडतात. खोपोली सोडून बोरघाट चढताना याचा प्रत्यय येतो. तिथे खरखरत का होईना, मीडियम वेव्ह साथ देते. म्हणून कन्व्हर्टर चांगला हवा, कारण त्याची भुणभुण सर्वांत आधी याच पट्ट्यावर ऐकू येते.

वायरमनला काय सांगाल?

रंगांवर भरवसा ठेवू नका, मीटर लावा, हे पहिले. काही गाड्यांच्या प्लगमध्ये लाल आणि पिवळीच्या जागा उलट असतात. तसे झाले, तर किल्ली बंद केल्यावर संच सगळे विसरतो किंवा बंद असूनही बॅटरी उतरवत राहतो.

दुसरे स्पीकरचे. जुन्या ट्रकमध्ये स्पीकरची एक वायर थेट पत्र्याला जोडलेली सापडते. आजच्या संचांत स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, त्यातली एक पत्र्याला लागली की आतली चिप जाते. जुना संच ‘दोन दिवस वाजला आणि मेला’ या तक्रारीमागे कित्येकदा हेच असते. स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र वायरी नव्याने ओढायला लागल्या तरी ओढाव्यात.

फ्यूज २४ व्होल्टच्या बाजूला, जिथून पुरवठा घेतला तिथेच जवळ. जोड पीळ देऊन टेप गुंडाळलेला नको, डाग किंवा क्रिम्प करून झाकलेला हवा. काम झाल्यावर कटऑफ बंद करून पिवळ्या आणि लाल, दोन्ही वायरींवर मीटर लावावा. शून्य दिसले तरच पैसे द्यावेत.

माल चोरीचा निघाला तर?

गाड्यांतून टेप उपटून नेणे हा जुनाच धंदा आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला कारण असून तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७नुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मागचा प्लग कापून वायरी तुटक्या ठेवलेला, बाजूच्या पट्ट्या वाकलेला, क्रमांक खरवडलेला संच असेल तर शंका घ्यायला जागा आहे. नीट काढलेल्या संचाला सहसा त्याचा प्लग किंवा निदान सरळ कापलेल्या लांब वायरी असतात.

दुकानाचे नाव, तारीख आणि संचाचा क्रमांक लिहिलेली साधी पावती घ्यावी. ती आणि संचाच्या मागच्या पट्टीचा फोटो फोनमध्ये ठेवावा. पुढे कोड लागला किंवा कुणी विचारले, तर तोच क्रमांक उपयोगी पडतो.