चिरोट्याच्या पदरांत साठवलेली वीज

धातू म्हटला की तो पाण्यात बुडणारच, असे आपण धरून चालतो. लिथियम मात्र पाण्यावर तरंगतो, इतकेच काय, तेलावरही तरंगतो. सर्व धातूंत हा हलका, सुरीने कापता येईल इतका मऊ, आणि आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकायला सदैव उतावीळ. हवेत किंवा पाण्यात उघडा ठेवला तर स्वस्थ बसत नाही. बॅटरीसाठी याहून योग्य आणि याहून धोक्याचा धातू दुसरा नाही. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये हाच अवखळ धातू दिवसभर गुपचूप काम करतो. त्याला असे माणसाळवायला एक तेल कंपनी, एक विद्यापीठ, एक रसायन कंपनी आणि टेपरेकॉर्डर बनवणारी एक कंपनी इतक्यांचे हात लागले. गंमत म्हणजे पहिली अनेक वर्षे हे चौघे एकत्र बसले नव्हते.

सुरुवात अमेरिकेत, एक्सॉन या तेल कंपनीत झाली. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले स्टॅनली व्हिटिंगहॅम तिथे १९७२मध्ये रुजू झाले. पुढच्याच वर्षी तेलसंकट आले आणि तेलाला पर्याय शोधण्यासाठी तेल कंपन्याच पैसा ओतू लागल्या. टायटॅनियम डायसल्फाइड या पदार्थाच्या थरांमध्ये लिथियमचे आयन अलगद शिरतात आणि तसेच बाहेरही येतात, हे व्हिटिंगहॅम यांनी हेरले. त्यावर बेतलेल्या घटाने, म्हणजे सेलने, दोन व्होल्टहून थोडा अधिक दाब दिला. दुसऱ्या टोकाला मात्र शुद्ध लिथियम होता. बॅटरी पुन्हा पुन्हा भरली की त्यावर केसांसारखे काटे उगवत, ते समोरच्या टोकाला टेकले की आतल्या आत शॉर्टसर्किट होई आणि आग लागे. अग्निशमन दलाला इतक्या वेळा धाव घ्यावी लागली की, लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचे पैसे प्रयोगशाळेकडून वसूल करू, अशी तंबी त्यांनी दिली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेल स्वस्त होऊ लागले आणि एक्सॉनने हे काम गुंडाळले.

तोवर ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आले होते. १९७६मध्ये तिथल्या अकार्बनी रसायनशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख झाले तेव्हा त्यांचे वय ५४ होते. त्यांचा तर्क साधा होता: सल्फाइडऐवजी ऑक्साइड वापरले तर दाब वाढला पाहिजे. जपानहून आलेले कोइची मिझुशिमा यांच्यासह त्यांनी एकेक ऑक्साइड तपासायला घेतले आणि कोबाल्ट ऑक्साइडपाशी थांबले. हा शोध १९८०मध्ये प्रसिद्ध झाला. दाब मिळाला चार व्होल्ट.

कोबाल्ट ऑक्साइडची रचना समजून घ्यायची तर चिरोटा डोळ्यांसमोर आणावा. पदरावर पदर, आणि मधल्या फटीत साट्याऐवजी लिथियम. बॅटरी भरताना लिथियम या पदरांतून निघून पलीकडे जातो, वापरताना परत येतो. जवळजवळ निम्मा लिथियम काढून घेतला तरी चिरोटा कोसळत नाही, हे खरे आश्चर्य. आणखी एक गोष्ट तेव्हा फारशा कुणाच्या ध्यानात आली नाही. या पदार्थात लिथियम आधीपासूनच असतो, म्हणजे बॅटरी रिकाम्या अवस्थेत बांधता येते. कारखान्यात उघडा लिथियम हाताळायलाच नको. बॅटरीवाले भरलेला सेल बनवण्याच्या सवयीचे, त्यामुळे त्यांना यातला फायदा दिसलाच नाही.

या शोधाचे पेटंट घ्यायला ऑक्सफर्डने नकार दिला. बॅटरी कंपन्यांनीही रस दाखवला नाही. शेवटी गुडइनफ हार्वेल येथील ब्रिटिश अणुऊर्जा संशोधन केंद्राकडे गेले. केंद्राने पेटंटचा खर्च उचलला, पण त्या बदल्यात हक्क आपल्याकडे ठेवले. पुढे त्या पेटंटमधून गुडइनफ यांच्या हाती काही आले नाही. एखाद्या विद्यापीठाने इतकी मोठी लक्ष्मी दारातून परत पाठवल्याची उदाहरणे थोडीच असतील.

जपानमध्ये असाही कासेई या रसायन कंपनीतले अकिरा योशिनो नेमक्या उलट अडचणीत होते. ऋण टोकासाठी वीजवाहक प्लास्टिक त्यांना सापडले होते, पण समोरच्या टोकाला लिथियम पुरवील असे काही मिळत नव्हते. १९८२च्या अखेरीस, वर्षअखेरची आवराआवर करताना, साठून राहिलेले वाचन त्यांनी हाती घेतले आणि त्यात गुडइनफ यांचा लेख निघाला. पुढच्याच वर्षी घट चालला. मात्र प्लास्टिक फार जागा खाई. म्हणून ते कार्बनकडे वळले आणि अखेर पेट्रोलियम कोक, म्हणजे तेल शुद्धीकरणात मागे उरणारा कार्बन, त्यांना योग्य वाटला. आता दोन्ही टोकांना पदर होते आणि लिथियम फक्त आयनांच्या रूपात इकडून तिकडे जात होता. जाणकार याला डुलत्या खुर्चीची बॅटरी म्हणत. आपल्याला माजघरातला झोपाळा अधिक जवळचा. मधला पडदा पॉलिथिलीनचा, बारीक छिद्रांचा. घट तापला की पडदा वितळून छिद्रे बुजतात आणि झोपाळा थांबतो. योशिनो यांनी घटावर जड लोखंडी वजन पाडून पाहिले. जुन्या लिथियम बॅटरीने भडका घेतला, नव्या घटाने नाही.

टेपरेकॉर्डर बनवणाऱ्या सोनीची कथा आपल्या देशाला चटका लावून जाते. ही कंपनी १९७५पासून एव्हरेडीवाल्या युनियन कार्बाइडबरोबर भागीदारीत सेल बनवत असे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर अडचणीत आलेल्या युनियन कार्बाइडने १९८६मध्ये बॅटरीचा धंदा विकला आणि सोनीने आपल्या बळावर नवी बॅटरी घडवायला घेतली. पातळ पट्टीवर एकसारखा लेप देण्याची कला तिला कॅसेटच्या टेपमुळे अवगत होतीच. १९९१मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. जुन्या निकेल-कॅडमियमच्या एका सेलचा दाब १.२ व्होल्ट, हिचा ३.६. तिघांचे काम एकटी करी, म्हणून व्हिडिओ कॅमेऱ्याची बॅटरी लहान आणि हलकी होऊ शकली.

२०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना विभागून मिळाले. ९७ वर्षांचे गुडइनफ हे नोबेल मिळवणारे सर्वांत वयोवृद्ध. स्टॉकहोममध्ये त्यांच्या वतीने व्याख्यान दिले ते अरुमुगम मंथिरम यांनी. तमिळनाडूचे, आयआयटी मद्रासचे पीएच.डी., गुडइनफ यांचे ऑक्सफर्डपासूनचे सहकारी. मिझुशिमा यांचे नाव पुरस्कारात नव्हते. तिघांपुढे नोबेल जात नाही.

पुढचा शोध चालू आहे तो लिथियमला स्वस्त भावंड शोधण्याचा, आणि त्यात पुणेही आहे. केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने आयसर पुणेच्या संशोधकांबरोबर जवळपास दशकभर काम करून डिसेंबर २०२३मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. सोडियम मिठातला, म्हणजे समुद्रकाठच्या देशाला तोटा नाही. पण त्याचा अणू लिथियमच्या तिपटीहून जड आणि आकारानेही मोठा. ग्रॅफाइटच्या पदरांत तो नीट मावत नाही, म्हणून वेड्यावाकड्या रचनेचा कठीण कार्बन लागतो. मोबाइलला ही बॅटरी जड पडेल, पण सौरऊर्जा रात्रीसाठी साठवून ठेवायला वजनाची पर्वा कोण करतो?

आणि ब्रिटन? २०१७मध्ये तिथल्या सरकारने विद्यापीठे आणि कारखाने यांना बॅटरीसाठी एकत्र आणायचे ठरवले आणि चार वर्षांसाठी २४.६ कोटी पौंडांची योजना जाहीर केली. त्यातून संशोधनासाठी फॅरडे इन्स्टिट्यूशन उभी राहिली आणि उत्पादनाचे प्रयोग करायला कॉव्हेंट्री येथे केंद्र निघाले. तरीही ब्रिटिशव्होल्ट ही बॅटरीचा अजस्र कारखाना उभारू पाहणारी कंपनी जानेवारी २०२३मध्ये कोलमडली. बस चुकल्यावर ती पकडायला धावावे लागते, ते असे. फॅरडे इन्स्टिट्यूशनचे मुख्यालय ऑक्सफर्डपासून सुमारे २५ किलोमीटरवर, हार्वेलला आहे.