यतीमखान्याची पावती आणि शाळेचा दाखला

रमजानचा चांद दिसण्याआधीच पावतीपुस्तके निघतात. मशिदीच्या दारात, बाजारात, घरोघरी यतीमखान्यांसाठी चंदा मागणारे येतात. त्यांच्याजवळ छापील पत्रक असते आणि पत्रकावर पांढऱ्या टोप्या घालून रांगेत बसलेल्या मुलांचा फोटो असतो. आपण जकातीतून काही रक्कम देतो, पावती घडी करून कपाटात ठेवतो आणि फर्ज अदा झाले म्हणून निश्चिंत होतो. फोटोतली ही मुले सकाळी कोणत्या शाळेत जातात, कितवीत आहेत, हे फारसे कोणी विचारत नाही. मी शिक्षिका असल्यामुळे असेल कदाचित, माझे लक्ष आधी तिकडे जाते.

यतीम म्हणजे बालिग होण्याआधी ज्याचे वालिद वारले तो, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. खुद्द पैगंबर हजरत मुहम्मद (स.) जन्मापूर्वीच वडिलांना पारखे झाले होते. सहाव्या वर्षी आई गेली, आठव्या वर्षी आजोबा गेले आणि पुढे चुलते अबू तालिब यांनी त्यांना आपल्या घरात वाढवले. त्यामुळे यतीमाविषयी आपल्या घराघरांत माया आहे. पण स्टेशनावर, पुलाखाली, बसस्थानकाच्या बाकांवर जी मुले दिसतात, त्यांतली कितीतरी या व्याख्येत बसत नाहीत. त्यांचे वडील हयात असतात. कुठे दारू असते, कुठे दुसरे लग्न, कुठे कर्ज. कुठे मारहाणीला कंटाळून मूल गाडीत बसलेले असते. काही मुले तर आईवडिलांसोबतच फूटपाथवर राहतात. आणि काहींना जन्मल्याबरोबर कोणीतरी सोडून दिलेले असते, त्यांचे वालिद जिवंत आहेत की नाहीत हे कोण सांगणार?

‘हे मूल यतीम आहे का?’ हा प्रश्न म्हणूनच इथे अपुरा पडतो. 2015 च्या बाल न्याय कायद्याने वेगळा प्रश्न विचारला आहे: या मुलाला सांभाळणारे कोणी आहे का, आणि जे आहेत ते त्याला नीट सांभाळतात का? रस्त्यावर राहणारे, भीक मागणारे, कामाला जुंपलेले, सोडून दिलेले, घरी छळ होणारे, अशी सगळी मुले या कायद्याने ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके’ ठरतात. त्यात धर्म, जात किंवा वडील हयात असण्या-नसण्याचा संबंध येत नाही.

असे मूल आपल्याला दिसले तर काय करायचे? 1098 हा नंबर लावायचा. दहा-नऊ-आठ, असा तो मुलांनाही पाठ करून द्यावा. ही सेवा 1996 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रयोगातून सुरू झाली, आता ती सरकार चालवते. मूल सापडल्यापासून चोवीस तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) त्याला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मूल घरी परत जाणार, बालगृहात राहणार की आणखी कुठे, हे समिती ठरवते. आपल्यातले काही नेक लोक दयेपोटी मूल थेट घरी आणतात किंवा ओळखीच्या यतीमखान्यात नेऊन सोडतात. नियत चांगली असते, पण सापडलेल्या मुलाची खबर न देणे हा या कायद्याने गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्या मुलाला शोधत फिरणाऱ्या आईला मग त्याचा पत्ताच लागत नाही.

खानदेशातल्या वाचकांना भुसावळ आणि मनमाडची गोष्ट आठवत असेल. 30 मे 2023 रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारच्या 59 मुलांना या दोन स्थानकांवर उतरवून घेण्यात आले. ती सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघाली होती. त्यांच्यासोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला, त्यांना अटक झाली आणि काही आठवडे ते तुरुंगात राहिले. मुलांना जळगाव आणि नाशिकच्या बालगृहांत सुमारे बारा दिवस काढावे लागले. पुढच्या वर्षी पोलिसांनी तपासाअंती हे प्रकरण गैरसमजातून घडल्याचे सांगून बंद केले.

या प्रकरणावर आपल्याकडे बराच संताप व्यक्त झाला आणि तो रास्तच होता. ज्यांच्यावर तस्करीचा डाग लागला, त्यांचे ते दिवस कोण परत देणार? पण संतापाच्या ओघात एक साधी गोष्ट मागे पडली. एवढी लहान मुले शेकडो मैल दूर पाठवायची तर प्रत्येकाच्या खिशात काय हवे? आईवडिलांचे संमतिपत्र, त्यांचा चालू फोन नंबर, आधार कार्ड, जिथे प्रवेश झाला आहे तिथले पत्र आणि आधीच्या शाळेचा दाखला. शाळेची सहल काढताना आम्ही शिक्षक याच्या निम्मे कागद एका दिवसाच्या प्रवासासाठी गोळा करतो. कागदपत्रे मुलाच्या रक्षणासाठी असतात. रेल्वेच्या त्याच डब्यात खरोखर कामाला विकायला नेलेले मूलही बसलेले असू शकते. उतरवून घेणाऱ्या शिपायाला दोघांतला फरक कशावरून कळणार?

इथेच नोंदणीचा मुद्दा येतो. धार्मिक शिक्षणासाठी चालणाऱ्या मदरशाचे वसतिगृह ही एक गोष्ट झाली. पण जिथे निराधार, सोडून दिलेली मुले ठेवून सांभाळली जातात, ते घर चालवणारा ट्रस्ट कोणाचाही असो, त्याची बाल न्याय कायद्याखाली नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी न केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्हीही होऊ शकते. ‘आम्ही सरकारचा पैसा घेत नाही, मग नोंदणी कशाला?’ असे काही मोहतमिम साहेब विचारतात. सरकारी अनुदान घ्या अथवा घेऊ नका, मुलाची नोंद मात्र सरकारदरबारी असलीच पाहिजे. महाराष्ट्रात 2018 पासून अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते. ज्या मुलाची कुठेच नोंद नाही, त्याने पंधरा वर्षांनी हे प्रमाणपत्र कशाच्या आधारावर मागायचे?

आता शाळेकडे वळते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे, आणि जन्मदाखला नाही म्हणून कोणत्याही शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कधीच शाळेत न गेलेल्या बारा वर्षांच्या मुलालाही त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे आणि बरोबरीला येण्यासाठी किमान तीन महिने, गरज पडल्यास दोन वर्षांपर्यंत विशेष प्रशिक्षण द्यायचे, असा नियम आहे. कागदावर हे सोपे वाटते. वर्गात काय घडते ते सांगते.

बालगृहातून येणारे मूल पहिले काही दिवस दाराजवळची जागा सोडत नाही. त्याला बाहेर पडायची वाट दिसत राहावी लागते. खिचडीतली मूठभर ते कागदात बांधून दप्तरात ठेवते, कारण संध्याकाळी मिळेलच यावर त्याचा अजून विश्वास नसतो. त्याला हातचा घेऊन केलेली बेरीज जमत नाही, पण पन्नासाच्या नोटेतून सतरा रुपये वजा करून सुटे किती परत द्यायचे हे वर्गात सगळ्यांच्या आधी तो सांगतो. गाड्यांच्या वेळा त्याला पाठ असतात. भाषेचा प्रश्न तर आणखी मोठा. घरची बोली एक, स्टेशनावर शिकलेली हिंदी दुसरी, बालगृहात मराठी, मौलवी साहेबांकडे उर्दू. अशा मुलाला ‘ढ’ ठरवायला पाच मिनिटे पुरतात. वयाप्रमाणे सहावीत बसवले आणि विशेष प्रशिक्षण केवळ रजिस्टरवर झाले, तर ते मूल दिवाळीच्या सुट्टीनंतर येत नाही. मग बालगृहाचा कर्मचारी म्हणतो, ‘याला शिक्षणात गोडीच नाही.’

शिक्षकांनी आणखी एका गोष्टीचे भान ठेवले तर फार बरे होईल. ‘माझे कुटुंब’ हा पाठ आणि ‘माझी आई’ हा निबंध. ज्या वर्गात अशी मुले आहेत तिथे मी ‘मला आवडणारे एक माणूस’ असा विषय देते. आई असलेली मुले आईवर लिहितात. बाकीची भजीवाल्या काकांवर, बालगृहातल्या स्वयंपाकीण मावशीवर, रेल्वेच्या हमालावर लिहितात. आणि हे निबंध बरेचदा जास्त चांगले असतात. प्रवेश अर्जावरचा वडिलांच्या नावाचा रकानाही भर वर्गात मोठ्याने वाचून भरायची गरज नसते.

माझे स्पष्ट मत असे की, ज्या यतीमखान्याची शाळा त्याच्याच कुंपणात असते, त्यापेक्षा ज्याची मुले गावातल्या शाळेत जातात तो बरा. कुंपणातल्या शाळेत सोय असते, शिस्त असते, हे मान्य. पण तिथले मूल अठरा वर्षे फक्त आपल्यासारख्याच मुलांना भेटते. ही काही नव्या जमान्याची कल्पना नाही. 1906 मध्ये शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. आपल्या महाराष्ट्रातल्या बोर्डिंगांची रीतच अशी की राहायचे बोर्डिंगात आणि शिकायचे गावच्या शाळेत, सगळ्यांच्या पोरांबरोबर. हिफ्ज करणाऱ्या मुलांसाठीही हे जमू शकते. पहाटे आणि असरनंतर सबक, मधल्या वेळात शाळा. शिक्षण हक्क कायदा मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या मदरशांना लागू होत नाही, म्हणून ही जबाबदारी आपल्यावर जास्त येते. ज्याचे वय उलटले असेल, त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवता येते. मात्र त्यासाठीही शाळा सोडल्याचा दाखला किंवा त्याच्या जागी प्रतिज्ञापत्र लागते. पुन्हा कागद आलाच.

आतापर्यंत घरे कशी असावीत हे लिहिले. पण यतीमखान्यात असलेल्या कितीतरी मुलांना आई असते. ती कपडे शिवते, धुणीभांडी करते, महिन्यातून एकदा डबा घेऊन भेटायला येते. तिने मूल ठेवले आहे ते केवळ दोन वेळच्या जेवणासाठी आणि फीसाठी. कायदाही सांगतो की संस्था हा शेवटचा पर्याय, आधी कुटुंब. अशा आईसाठी राज्य सरकारची बाल संगोपन योजना आहे, त्यात एका मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे 4000 रुपये आहेत. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करायचा असतो. मोहल्ल्यातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीने चार विधवा भगिनींचे असे अर्ज भरून दिले, तर चार मुले आईच्या कुशीत राहून आपल्याच शाळेत शिकतील. या कामाला इमारत लागत नाही आणि संगमरवरी पाटीही लागत नाही. म्हणूनच बहुधा त्याला देणगीदार कमी मिळतात. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावरसुद्धा नाव लिहून घेणारे आहेत!

आणि ज्याला खरोखर कोणीच नाही, त्याचे काय? इथे आपल्या समाजात एक गोंधळ आहे. शरियतमध्ये मुलाचा नसब बदलून, त्याला आपले नाव लावून दत्तक घेणे मान्य नाही, म्हणून अनेक जण परक्या मुलाला घरात आणण्याचा विचारच सोडून देतात. पण मुलाचे नाव, त्याची ओळख तशीच ठेवून त्याचे पालनपोषण करणे, म्हणजेच कफालत, हे तर मोठे सवाबाचे काम. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत कफालतचा नावानिशी उल्लेख आहे आणि भारताने ती संहिता 1992 मध्ये मान्य केली. आपल्या बाल न्याय कायद्यातली प्रतिपालकत्वाची तरतूद कफालतच्या फार जवळची आहे: मूल कुटुंबात राहते, शाळेत जाते, पण त्याचा नसब बदलत नाही. ज्यांना कायदेशीर दत्तकच घ्यायचे आहे, त्यांनाही वाट मोकळी आहे. फेब्रुवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते, आणि ज्याला आपला धार्मिक कायदा पाळायचा आहे त्याच्यावर सक्ती नाही. दोन्ही वाटा बालकल्याण समितीच्या दारातूनच जातात. दवाखान्यातून परस्पर, ओळखीने मूल ‘घेणे’ हा त्यांतला एकही मार्ग नव्हे.

राहिली अठरा वर्षे पूर्ण होतानाची गोष्ट. आपल्या घरातल्या मुलाला अठराव्या वाढदिवशी आपण मोबाइल देतो. बालगृहातल्या मुलाला त्या दिवशी बालगृह सोडावे लागते. बारावीची परीक्षा तोंडावर असली तरी. कायद्यात यावर उपाय आहे: एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षण, म्हणजे राहण्याची सोय, शिक्षण किंवा हुनर शिकण्यासाठी मदत. पण त्याचा प्रस्ताव मूल अठराचे होण्याच्या आधी तयार व्हावा लागतो आणि त्यासाठी आधार कार्ड, बँकेचे खाते, दहावीची गुणपत्रिका हे सगळे त्याच्या हातात असावे लागते. या रमजानमध्ये पावती फाडणाऱ्यांना एवढे विचारून पाहा: गेल्या वर्षी तुमच्याकडची कोणती मुले अठरा वर्षांची झाली आणि आता ती कुठे आहेत? ज्यांच्याजवळ याचे उत्तर असते, ते नावे सांगायला लागले की थांबत नाहीत. एक आयटीआयला आहे, एक औरंगाबादला नर्सिंग करते, एकाने गॅरेज टाकले आहे.