जेमतेम दिसेल इतकाच अंधार

व्हिडिओ गेम पहिल्यांदा सुरू केला की पुष्कळदा खेळाआधी एक काळाभोर पडदा समोर येतो. त्यावर तीन चिन्हे ओळीने मांडलेली असतात आणि खाली सूचना असते : पट्टी अशी सरकवा की डावीकडचे चिन्ह दिसेनासे होईल, मधले जेमतेम दिसेल आणि उजवीकडचे स्पष्ट दिसेल. पंगतीत मीठ वाढणाऱ्याकडे जेवढे लक्ष जाते, तेवढेच या पडद्याकडे जाते. बहुतेक जण न वाचताच ‘पुढे’ दाबतात आणि तासाभराने एखाद्या तळघरात भिंतीला धडका देत ‘काही दिसतच नाही’ म्हणून वैतागतात. ही एक पट्टी म्हणजे काचेची नळी, माणसाचा डोळा आणि खेळ रचणाऱ्याचा हेतू या तिघांमधला करार आहे, हे मात्र क्वचितच कोणाला सांगितले जाते.

सुरुवात नळीपासून करू. १८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनी कॅथोड किरणांची नळी तयार केली. पुढे तीच दूरचित्रवाणीची आणि संगणकाची फुगीर काच झाली. या नळीचा एक हट्टी स्वभाव होता. तिला निम्मा विद्युतदाब दिला तर पडदा निम्मा उजळत नसे, जेमतेम २२ टक्के उजळे. पाव दाब दिला तर प्रकाश पाच टक्क्यांहूनही किंचित कमी. दाब वाढवत नेला की प्रकाश त्याच्या साधारण २.२ व्या घाताने वाढत जाई. या घाताला ‘गॅमा’ म्हणतात. सेटिंगच्या पानावर दिसणारा गॅमा तो हाच.

आता डोळ्याकडे वळू. पडलेल्या प्रकाशापैकी केवळ १८ टक्के परतवणारा राखाडी कागद आपल्याला काळ्या आणि पांढऱ्याच्या बरोबर मध्यावरचा वाटतो. छायाचित्रकार ‘ग्रे कार्ड’ बाळगतात ते याच कारणाने. अंधारातला थोडासा फरक डोळा चटकन टिपतो. लख्ख उजेडातला तेवढाच फरक त्याच्या गावीही नसतो. देवघरात एका समईशेजारी दुसरी लावली तर खोली उजळल्यासारखी वाटते, पण भर दुपारी अंगणात तीच समई पेटलेली आहे की नाही हे जवळ जाऊन पाहावे लागते.

म्हणजे निम्म्या दाबाला नळी २२ टक्के प्रकाश देते आणि डोळा १८ टक्क्यांनाच ‘निम्मा’ म्हणतो! नळी बनली ती इलेक्ट्रॉनच्या नियमांनी आणि डोळा घडला तो कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीने. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी एकाचा वाकडेपणा दुसऱ्याच्या वाकडेपणात जवळजवळ नेमका बसला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी तसे हे झाले, आणि चित्रतंत्राचे सारे जग त्या मोडक्या फांदीवर उभे राहिले. आजच्या सपाट एलसीडी पडद्याला हा स्वभाव मुळीच नाही. तरीही त्याला तो मुद्दाम शिकवला जातो. ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या ‘एसआरजीबी’ या रंगप्रमाणातही हीच वक्ररेषा जवळपास तशीच आहे.

याचा फायदा मोजता येतो. साध्या पडद्यावर प्रत्येक मूळ रंगाच्या काळ्यापासून पूर्ण तेजापर्यंत २५६ पायऱ्या असतात, ० ते २५५. त्या प्रकाशाच्या हिशेबाने समान अंतरावर ठेवल्या असत्या, तर अंधाऱ्या भागात एका पायरीवरून दुसरीवर जाताना डोळ्याला ठेच लागली असती. रात्रीच्या आकाशात पट्टेच पट्टे दिसले असते. उजळ भागात मात्र डझनावारी पायऱ्या फुकट गेल्या असत्या. गॅमामुळे पायऱ्या अंधारात दाट आणि उजेडात विरळ पडतात.

खेळातली पट्टी सरकवली की नेमके काय होते, ते एका उदाहरणाने पाहू. कोपऱ्यात दबा धरून बसलेल्या शत्रूच्या अंगरख्याचा आकडा ६४ आहे असे धरा. पडद्यावर त्याचा प्रकाश पूर्ण पांढऱ्याच्या पाच टक्के. पट्टी १.५ वर नेली की ६४ चा सुमारे १०१ होतो आणि प्रकाश १३ टक्क्यांवर जातो, म्हणजे अडीच पटीहून जास्त. शेजारच्या खिडकीचा आकडा २०० असेल तर तिचा प्रकाश ५९ वरून ७० टक्क्यांवर जातो, जेमतेम सव्वापटीच्या आत. शून्य शून्यच राहते आणि २५५ हे २५५ च. सगळ्यांना सारखा उजेड वाटणारी ही पट्टी नव्हे. ज्याच्याकडे कमी आहे त्याच्या पदरात ती जास्त टाकते.

टीव्हीच्या रिमोटवरचा ‘ब्राइटनेस’ हा निराळा प्राणी आहे. पुष्कळ टीव्हींवर तो काळ्याचीच पातळी वरखाली करतो आणि ‘कॉन्ट्रास्ट’ पांढऱ्याची. नावे ठेवणाऱ्याने गोंधळ घालून ठेवला आहे, दुसरे काय! म्हणून टीव्हीचा ब्राइटनेस वाढवला की अंधार उजळत नाही, नुसता राखाडी होतो, काळ्या शाईत पाणी ओतावे तसा. त्याहून खट्याळ दोष असतो केबलच्या दोन टोकांमधल्या गैरसमजाचा. टीव्हीच्या जुन्या प्रमाणात काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, संगणकाच्या प्रमाणात ० आणि २५५ वर. खेळाचे यंत्र ० ते २५५ पाठवत असेल आणि टीव्ही १६ ते २३५ ची वाट पाहत असेल, तर १६ च्या खालचे सारे अंधार एकाच काळ्यात बुडतात. मग गॅमाची पट्टी कितीही ओढा, जे बुडाले ते वर येत नाही. ‘आरजीबी रेंज’ किंवा ‘ब्लॅक लेव्हल’ नावाची सेटिंग दोन्हीकडे जुळलेली आहे ना, हे आधी पाहावे.

खेळ रचणाऱ्यांना ही अडचण लवकरच कळली होती. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’मध्ये एफ-११ ही कळ दाबली की चित्र उजळत जाई. मूळ स्थिती आणि वर चार टप्पे. आत पाच तयार तक्ते होते, प्रत्येकात २५६ आकडे. कळ दाबली की एक तक्ता काढून दुसरा लावायचा, एवढेच. घराघरातला मॉनिटर वेगळा, खोलीतला दिवा वेगळा, त्यामुळे अंधार किती हवा याचा शेवटचा निर्णय खेळणाऱ्याच्या हाती सोपवला. याच घराण्यातला ‘डूम ३’ २००४ मध्ये आला तेव्हा निर्मात्यांनी हा उदारपणा आवरता घेतला. मिट्ट काळोख, आणि हातात एकतर बंदूक धरायची नाहीतर विजेरी, दोन्ही एकदम नाही. भीती वाटावी म्हणूनच ही योजना होती. पण चाहत्यांनी थोड्याच दिवसांत बंदुकीला चिकटपट्टीने विजेरी बांधणारा बदल स्वतःच तयार करून वाटला, आणि २०१२ च्या सुधारित आवृत्तीत निर्मात्यांनीही विजेरी चिलखतावर बसवली.

अंधार आणि धुके केवळ भीतीसाठी नसतात, झाकपाकही करतात. १९९९ चा ‘सायलेंट हिल’ ज्या प्लेस्टेशनवर चाले त्याला दूरवरचे शहर रेखाटण्याची ताकद नव्हती. निर्मात्यांनी शहरावर धुके पसरले आणि यंत्राची दुबळी बाजू हीच खेळाची ओळख होऊन बसली. २०१२ च्या एचडी संचात या मालिकेच्या दुसऱ्या भागातले धुके विरळ झाले तेव्हा जगाच्या उघड्या पडलेल्या कडा पाहून चाहते रागावले. सगळेच दिसावे असे प्रत्येक खेळात नसते.

स्पर्धेत मात्र न्याय उलटा. तिथे सौंदर्य ओझे ठरते. १९९९ च्या ‘क्वेक ३ अरीना’मधले कसलेले खेळाडू ‘आर पिकमिप’ नावाची आज्ञा वापरून भिंतींवरची नक्षी मुद्दाम पुसट करत. दगडी देवळासारखी भिंत सारवलेल्या कुडासारखी सपाट होई आणि तिच्यासमोर हलणारा शत्रू उठून दिसे. आपल्याकडे मोबाइलवर बीजीएमआय खेळणारी मुले ग्राफिक्स ‘स्मूद’वर आणि फ्रेम रेट वर ठेवतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. सावल्या आणि तपशील कमी केले की यंत्राचा वेळ वाचतो आणि तो जास्त फ्रेम काढण्यात खर्चता येतो.

इथे गवताची गंमत सांगायलाच हवी. विशाल मैदानातले एकेक पाते रेखाटणे कोणत्याही यंत्राला परवडत नाही, म्हणून पबजीसारख्या खेळांत ठरावीक अंतरापलीकडचे गवत काढलेच जात नाही. तुम्ही पोटावर झोपून उंच गवतात लपलेले असता. तुमच्या पडद्यावर चहूकडे पातीच पाती. दूरच्या टेकडीवरून दुर्बीण लावून पाहणाऱ्याच्या पडद्यावर तिथे नुसती हिरवी जमीन असते आणि तिच्यावर तुम्ही आडवे, उघड्यावर. मांजर डोळे मिटून दूध पिते त्यातलाच प्रकार. लांबच्या शत्रूपासून लपायचे तर दगड किंवा भिंतच शोधावी, ती दूरवरूनही काढली जाते.

दृश्यतेत वेगाचाही वाटा असतो. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारा पडदा प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद धरून ठेवतो, पण डोळा तेवढा वेळ थांबत नाही, धावणाऱ्या वस्तूमागे सरकत राहतो. वस्तू सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने जात असेल तर तिची कड डोळ्यात १६ पिक्सेल फासली जाते; १२० फ्रेमना ८ पिक्सेल. त्यावर ‘मोशन ब्लर’ नावाची सेटिंग आणखी पुसटपणा ओतते. माझ्या मते नवा खेळ घेतल्यावर आधी हीच बंद करावी. ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ ही मात्र देवाणघेवाण आहे. ९० अंशांचा कोन ठेवला तर कडेने येणारा दिसतो, पण मधली दूरची वस्तू ६० अंशांच्या मानाने साधारण ५८ टक्के आकाराची उरते.

रंगांची गोष्ट याहून गंभीर. इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ साली स्वतःच्याच रंगांधतेवर निबंध वाचला होता. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारापैकी एकाला लाल-हिरव्याचा घोळ होतो. हिरव्या झाडीवर लाल कडेचा शत्रू हा त्याच्यासाठी अदृश्य शत्रूच. २०२० च्या ‘व्हॅलोरंट’मध्ये शत्रूची कड लाल, जांभळी किंवा पिवळी निवडता येते. त्याच वर्षीच्या ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ने तर अल्पदृष्टीच्या खेळाडूंसाठी सारे जग राखाडी करून त्यात मित्र निळे, शत्रू लाल आणि उचलायच्या वस्तू पिवळ्या दाखवण्याची सोय केली. चांगली नजर असलेल्यांनीही ती एकदा लावून पाहावी. चित्रातली किती गर्दी केवळ सजावट असते ते कळते.

नव्या एचडीआर पडद्यांनी तो जुना करार पुन्हा लिहिला. त्यांच्या संकेतात २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या असतात, त्यांची वक्ररेषा नळीवरून नव्हे तर थेट डोळ्याच्या मोजमापावरून आखलेली असते आणि तिची वरची मर्यादा १०,००० निट (पडद्याचे तेज मोजण्याचे एकक) धरलेली असते. घरातले बहुतेक टीव्ही तिच्या आसपासही पोहोचत नाहीत. म्हणून प्लेस्टेशन ५ सूर्याचे चिन्ह दाखवून ते जेमतेम दिसेपर्यंत पट्टी हलवायला सांगते. तुमचा पडदा कुठे थकतो हे यंत्राला तिथे समजते.

शेवटी उरतो खोलीतला उजेड, आणि तो कोणत्याही सेटिंगमध्ये सापडत नाही. साध्या काचेचा एक पृष्ठभाग अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे चार टक्के परत फेकतो. रात्री दिव्याखाली खोलीत शे-दोनशे लक्स असतात, भर उन्हात लाखभर. अंगणात बसून मोबाइलवर गुहेतला प्रसंग खेळू पाहणाऱ्याला गुहेऐवजी स्वतःचे तोंड दिसते ते यामुळे. शिवाय फोन तापला की तो आपणहून पडदा मंद करतो. नागपूरच्या मे महिन्यात हे वेगळे शिकवावे लागत नाही. उलट, दिवा मालवून अंधारात बसल्यास डोळ्यातल्या दंडपेशींना पुरते सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात.

तेव्हा पुढच्या वेळी तो काळा पडदा आला की घाई करू नका. ज्या उजेडात खेळणार तोच ठेवा, खिडकीची चमक काचेवर येत असेल तर खुर्ची फिरवा, डोळे स्थिरावू द्या, आणि मधले चिन्ह जेमतेम दिसेल तिथे पट्टी सोडा. दिवसा आणि रात्री खेळत असाल तर दोनदा लावावी लागेल.