मनुष्यवस्तीचा भूगोल : लेखांक ४ – काळी, पांढरी आणि पाटण

वस्ती पाण्याजवळ होते हे विधान, नाईल आणि गंगा यांच्या साक्षीने, मागील लेखांकात आपण जवळजवळ सिद्धान्त म्हणूनच स्वीकारले. परंतु तोच सिद्धान्त मनाशी बाळगून जो कोणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावरून कोयनेच्या काठाकाठाने पश्चिमेस, पाटण तालुक्यात शिरेल, त्याला थोड्याच वेळात तो तपासून घ्यावा लागेल. कऱ्हाडास वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या कण्याला लागून असलेल्या नवजास बहुतेक वर्षी ५,००० मिलिमीटरांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक. आणि तरीही पाऊस जसजसा वाढत जातो तसतशी गावे आक्रसतात, मौजे सरून वाड्या लागतात, आणि अखेर डोंगराच्या कुशीत चार-दोन घरे तेवढी उरतात.

याचे कारण असे की, वस्तीला पाण्याहून पाण्याचा संयम अधिक लागतो. उतारावरची माती जो पाऊस दर आषाढात खाली घेऊन जातो, तो नाचणी-वरीखेरीज फारसे काही पिकू देत नाही, आणि तीही दोन-चार वर्षे घेऊन जमीन पडीक टाकावी लागते. म्हणजे एका कुटुंबाच्या पोटाला रान फार लागते, व शेजार दूर पडतो. वरचे जांभ्याचे सडे तर पावसाळ्यात पाण्याने निथळतात आणि चैत्रात कोरडे ठणठणीत पडतात; तेथे म्हशी घेऊन टिकाव धरला तो गवळी धनगरांनी. उलट पाटणच्या खाली, जेथे खोरे रुंदावते आणि काळी माती थरावर थर साचते, तेथे निम्म्याहून कमी पावसात मोठी गावे पोसली गेली.

आपल्या जुन्या गावकऱ्यांनी हा सारा विचार दोन शब्दांत बसविला होता : काळी आणि पांढरी. काळी ती कसण्याची, पांढरी ती राहण्याची. आणि पांढरी निवडताना नदी घागरीच्या अंतरावर, पण पुराच्या हाताबाहेर असावी, आणि कसदार जमिनीचा बिघाही घरांखाली वाया जाऊ नये, असा दुहेरी हिशेब असे. गावठाणाचा नकाशा पुढे मोजणीदाराने कागदावर काढला खरा, परंतु जागा ठरली होती ती या हिशेबाने.

स्वतः पाटण मात्र केवळ शेतीने वाढले नाही. केरा नदी कोयनेस येथे मिळते, आणि येथूनच हेळवाकवरून कुंभार्ली घाटाने चिपळुणास उतरणारी वाट जाते. कोकणचे मीठ-नारळ वर चढवून आणणाऱ्या बैलांना विसाव्याची, आणि माल उतरवून घेणाऱ्याला बाजाराची, गरज अशाच ठिकाणी पडते. पट्टण या शब्दात व्यापाराचा वास आहेच. वर दातेगडाचा पहारा होता; पुढे तालुक्याची कचेरी आली, आणि कचेरीमागून वकील, वकिलामागून खानावळ, हा क्रम तर महाराष्ट्रात कोठेही चुकलेला नाही.

विसाव्या शतकात मात्र वस्तीचा निर्णय गावाच्या हातून निसटला. कोयनेवर धरण झाले, शिवसागराखाली नदीकाठची काळी आणि पांढरी दोन्ही गेल्या, आणि ज्यांच्या वाडवडिलांनी पावसाशी समझोता करून घरे घातली होती त्यांना रायगड, सोलापूर, सांगली अशा सर्वस्वी निराळ्या हवामानात जमिनी देण्यात आल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर परिसरातील घरे जमीनदोस्त केली. तरीही लोकांनी तेथेच पुन्हा भिंती उभारल्या. तरण्या माणसांना हलविले ते पोटाने. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीबाजारात पाठीवर ओझी वाहण्यास या तालुक्यातून इतकी माणसे गेली की, माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील हे येथल्याच मंद्रुळकोळ्याचे असावेत यात नवल नाही. वर्षाचे अकरा महिने कुलूप आणि जत्रेपुरता दिवा, अशा घरांना वस्तीत मोजावे की नाही, हे खानेसुमारीवाल्यांनीच सांगावे.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे डोंगर खचून घरांवर आला. तेथील लोकांना सुरक्षित सपाटीवर हलवावे, याविषयी दुमत नाही. पण सपाटीवरच्या घरापासून डोंगरावरचे भातखाचर, गोठा आणि झरा किती कोसांवर पडतो, हे नव्या पांढरीची जागा मुक्रर करणाऱ्यांना काळी पाहिल्यावाचून कळणार नाही.