बिअर फ्लाइट म्हणजे काय? चार छोट्या ग्लासांचा हिशेब समजून घ्या

आजऱ्याहून आंबोली घाट उतरून गोव्याला गेलात, की तिथल्या टॅपरूमच्या मेन्यूवर ‘फ्लाइट’ हा शब्द दिसतो. विमानाशी संबंध नाही. लाकडी पट्टीवर मांडलेले चार-पाच छोटे ग्लास, प्रत्येकात वेगळी क्राफ्ट बिअर. आधी चव बघायची, मग आवडलेली पूर्ण ग्लास मागवायची. आपल्याकडे पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, तेव्हापासून ताज्या बिअरची ओळख वाढत गेली.

क्रम कसा? आधी गव्हाची हलकी बिअर, मग एल, मग कडवट आयपीए आणि शेवटी भाजक्या माल्टची स्टाउट. हॉप्सचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो, त्यामुळे आयपीएनंतर गव्हाची बिअर पाणचट लागते. तांबडा रस्सा ओरपल्यावर आजरा घनसाळचा वास कळेल का? तसंच. मधेमधे पाणी प्या. खारे काजू आपले असले तरी नंतर.

गल्लत होते ती प्रमाणात. १२० मिलीचे चार ग्लास म्हणजे ४८० मिली, पाइंट बाटलीच्या जवळपास दीडपट. सरासरी ५ टक्के धरले तर सुमारे १९ ग्रॅम अल्कोहोल. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. तेवढ्यात ती सहज ओलांडली जाऊ शकते. स्टाउट कडक असेल तर आणखी.

परतताना पुन्हा आंबोलीची वळणं, पावसाळ्यात धुकं. स्टिअरिंगवर कोण बसणार, हे ऑर्डर देण्याआधी ठरवा. त्याच्यासाठी फ्लाइट नाही, सोलकढी.